पुन्हा जमिनीवर बसायचंय

म्हातारपणी माणसाने पुन्हा लहान मूल व्हावं असं सगळेच सांगतात, कसं व्हावं ते मात्र कुणी सांगत नाही. मूल जमिनीवर बसतं, खदखदून हसतं, चुकायला लाजत नाही आणि देवाला घाबरत नाही. साठीनंतर यातलं काय काय सुटतं आणि किती परत मिळवता येतं, याबद्दलची पत्रं या वेळी घेतली आहेत. उत्तरं आमच्या वैद्यकीय आणि फिजिओथेरपी सल्लागारांनी दिली आहेत. पत्रलेखकांची नावं नेहमीप्रमाणे छापलेली नाहीत.

माझं वय 68. पाच वर्षांच्या नातीला सागरगोटे शिकवायचे आहेत, पण दोन वर्षांत मी जमिनीवर बसलेलीच नाही. बसले तर उठता येणार नाही ही धास्ती. मुलगा म्हणतो, "आई, नसते उद्योग नकोत." (सांगली)

मुलाची काळजी खरी आहे, पण त्याचा उपाय उलटा आहे. जमिनीवर बसणं सोडलं की मांडीचे पुढचे स्नायू आणि नितंबाचे स्नायू वापरातून जातात. मग काही महिन्यांत खुर्चीतून उठतानाही हात टेकावे लागतात. पुढे कधी घरात पडलात, तर हाड मोडलं नसलं तरी उठता न आल्यामुळे तासन्‌तास पडून राहावं लागतं. त्यातूनच खरं दुखणं सुरू होतं. म्हणून जमिनीवरून उठता येणं हे नातीशी खेळण्यापुरतं कौशल्य नाही.

आधी आज आपण कुठे आहोत ते पाहा. बिनहाताची, साधारण 43 सें.मी. उंच बैठकीची खुर्ची भिंतीला टेकवून ठेवा. दोन्ही हात छातीवर आडवे घ्या आणि 30 सेकंदांत किती वेळा पूर्ण उभं राहून पुन्हा बसता येतं ते कुणाला तरी मोजायला सांगा. 65 ते 69 वयाच्या बाईंना 11 किंवा अधिक जमलं तर ठीक. याच वयाच्या पुरुषांसाठी हा आकडा 12 आहे. सत्तरी ओलांडलेल्या बायकांना 10 पुरेत. हात टेकल्याशिवाय एकदाही उठता येत नसेल, तर जमिनीचा नाद तूर्त बाजूला ठेवा आणि फिजिओथेरपिस्टला भेटा.

आकडा कमी असला तरी चालतं, तो वाढतो. खुर्चीवर घट्ट उशी ठेवून बैठक उंच करा. आठ ते दहा वेळा उठा-बसा, दोन मिनिटं थांबा, मग आणखी एक फेरी करा. हे आठवड्यातून तीन-चार दिवस, एकाआड एक दिवस. उठताना श्वास सोडा. बसताना मनात एक, दोन, तीन म्हणत सावकाश टेका. धप्पकन बसलात तर अर्धा व्यायाम वाया जातो, कारण स्नायूला ताकद खाली येतानाही मिळते. दहा वेळा सहज जमू लागलं की उशी काढा. मग तिच्याहून बुटकं स्टूल, मग चौरंग. प्रत्येक पायरीला दोन-तीन आठवडे लागतात, घाई करू नका. गुडघा जरासा कुरकुरला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी शांत झाला, तर हरकत नाही. सूज आली किंवा रात्री ठणकला, तर एक पायरी मागे या. जोडीला ओट्याला धरून टाचा उचलणं, रोज 15 वेळा.

आता प्रत्यक्ष खाली बसायचं. जड, न हलणारी खुर्ची किंवा पलंग समोर हवा. प्लॅस्टिकची खुर्ची अजिबात नको. ती फरशीवरून सटकते. घडी घातलेली चादर खाली टाका, साडीच्या निऱ्या वर खोचा. दोन्ही तळवे बैठकीवर ठेवून कमजोर पाय मागे घ्या आणि तो गुडघा चादरीवर टेका. मग दुसरा गुडघा, मग हात जमिनीवर, आणि शेवटी एका कुशीला सरकून बसा.

उठताना हेच उलटं. कुशीवर वळा, कोपर टेका आणि चार पायांवर या. रांगत खुर्चीपर्यंत जा. हो, रांगतच, नातीला गंमत वाटेल. तळवे बैठकीवर, मजबूत पायाचं पाऊल पुढे पूर्ण टेकलेलं, आणि हात व पाय दोन्हींनी एकदम रेटा देऊन उठा, वळा, खुर्चीवर बसा. लगेच चालू लागू नका. रक्तदाबाची गोळी घेणाऱ्यांना या क्षणी चक्कर येऊ शकते, म्हणून मिनिटभर बसून मगच उभं राहा. पहिले आठ-दहा दिवस घरात कुणी असतानाच हा सराव करा. मदत करणाऱ्याने दंडाला धरून ओढू नये, खांदा निखळतो किंवा त्याचे स्नायू फाटतात. त्याने फक्त खुर्ची दाबून धरावी.

गुडघ्याचा सांधा बदललेल्यांनी गुडघा टेकायला, आणि खुब्याचा सांधा बदललेल्यांनी एवढं वाकायला, आपल्या सर्जनची परवानगी घ्यावी. हाडं ठिसूळ होऊन मणका दबलेला असेल तर पाठीत वाकून पुढचे गोटे वेचणं टाळा. सतरंजी पलंगावर अंथरून पाच गोट्यांचा डाव तिथेही रंगतो. कॅरम तर टेबलावरच बरा.

व्यायामाइतकंच ताटात प्रथिन हवं. उतारवयात दर किलो वजनामागे रोज 1 ते 1.2 ग्रॅम, म्हणजे 60 किलोच्या बाईला 60 ते 72 ग्रॅम. बऱ्याच घरांतल्या आजीच्या ताटात तेवढं नसतं, कारण रात्रीचं जेवण "जरासा दूधभात" एवढंच झालेलं असतं. 30 ग्रॅम डाळीचं घट्ट वरण साधारण 6 ते 7 ग्रॅम देतं. पेलाभर दूधही तेवढंच, मूठभर शेंगदाणे 7, एक अंडं 6, 50 ग्रॅम पनीर 9 च्या आसपास. तीन्ही वेळा थोडं थोडं विभागून घ्या. मूत्रपिंडाचा विकार असेल तर हा हिशेब तुमच्यासाठी नाही, डॉक्टर सांगतील तेवढंच.

सासूबाई 74 वर्षांच्या, मधुमेही. इन्सुलिन आणि गोळ्या दोन्ही चालू. एकादशी सोडत नाहीत, देवळात अनवाणी अकरा प्रदक्षिणा घालतात. अडवलं की म्हणतात, "माझा देवावर विश्वास आहे, तुमचा नसेल." (सोलापूर)

अडवू नका. ज्या गोष्टीसाठी त्या पहाटे उत्साहाने उठतात, ती काढून घेतलीत तर साखर एखादवेळी सुधारेल, पण त्या कोमेजतील. उपास ठेवून धोका काढता येतो, आणि तो सासूबाईंशी भांडून नाही, त्यांच्या डॉक्टरांना एकादशीच्या आधीच्या आठवड्यात भेटून काढायचा.

डॉक्टरांना नेमकं विचारा: उपासाच्या दिवशी कोणतं औषध किती? इन्सुलिन आणि ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइड यांसारख्या गोळ्या पोटात अन्न नसलं तरी साखर खाली ओढतात. त्यांचा डोस त्या दिवसापुरता बदलावा लागतो. नुसत्या मेटफॉर्मिनने साखर सहसा धोक्याइतकी उतरत नाही. डापाग्लिफ्लोझिन किंवा एम्पाग्लिफ्लोझिन चालू असेल तर लांबलचक उपासात अंगातलं पाणी कमी होऊ शकतं आणि रक्तात आम्ल साठू शकतं. ही गोळी आधी थांबवायची का, हे विचाराच. इन्सुलिन पूर्ण बंद करणं मात्र स्वतःहून कधीही नाही.

निर्जळी उपास या वयात नको, याबाबत आम्ही ठाम आहोत. लघवीची गोळी घेणाऱ्यांना तर नकोच.

उपासाच्या ताटाची खरी अडचण उपाशी राहण्यापेक्षा साबुदाण्याची आहे. साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ पिठूळ स्टार्च. 60 ग्रॅम कोरड्या साबुदाण्याच्या खिचडीतून 50 ग्रॅमच्या आसपास कर्बोदकं पोटात जातात, वर बटाटा वेगळाच. दुपारी साखर चढते, औषध जास्त झालं असेल तर संध्याकाळी आपटते. त्यापेक्षा राजगिऱ्याचं थालीपीठ, दही, शेंगदाण्याची आमटी आणि वाटीभर भगर, दिवसातून तीनदा थोडं थोडं. सैंधव मीठ "चालतं" म्हणून रक्तदाबवाले सढळ हाताने घालतात. तेही मीठच, सोडियम तेवढंच.

साखर 70 च्या खाली गेली, किंवा घाम, थरथर, धडधड, असंबद्ध बोलणं यांपैकी काही दिसलं, की तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून द्या. 15 मिनिटांनी पुन्हा मोजा, वाढली नसेल तर पुन्हा द्या. बेशुद्ध माणसाच्या तोंडात मात्र काहीही घालायचं नाही, थेट दवाखाना. हृदयाच्या काही गोळ्यांमुळे (मेटोप्रोलॉल, ॲटेनोलॉल) धडधड आणि थरथर जाणवत नाही, फक्त घाम फुटतो. हे घरातल्या सगळ्यांना माहीत हवं. अशा वेळी साखर खाल्ली म्हणून उपास मोडला असं सासूबाईंना वाटणारच. त्यावर त्यांच्या कीर्तनकारबुवांचा शब्द डॉक्टरांच्या शब्दापेक्षा लवकर पटतो. त्यांना आधीच गाठून ठेवा.

प्रदक्षिणांचं सांगायचं तर, सोलापूरच्या एप्रिल-मे मध्ये दगडी फरशी दुपारी पाय भाजून काढते, आणि मधुमेहाने पायाची संवेदना गेली असेल तर ते कळतही नाही. सकाळी आठच्या आत जा, जाड सुती मोजे घाला. मोज्यांना बहुतेक देवळांत कुणी हरकत घेत नाही. रात्री आरसा धरून तळवे आणि बोटांच्या बेचक्या पाहा. फोड दिसला तर टूथपेस्ट, हळद काही नको. नळाखाली धुवा, कोरडं स्वच्छ कापड बांधा आणि त्याच दिवशी दाखवा. पायाची संवेदना वर्षातून एकदा डॉक्टरांकडून तपासून घ्यायची असते, ती झाली आहे का पाहा.

बागेतल्या हास्यक्लबात बायको ओढून नेते. खोटं खोटं हसायचं, हात वर करून हो-हो-हा-हा करायचं! वय 66, बँकेतून निवृत्त. मला ओशाळल्यासारखं होतं. काही उपयोग आहे का? (डोंबिवली)

ही कल्पना तुमच्या जवळचीच. मुंबईत मार्च 1995 मध्ये डॉ. मदन कटारिया यांनी बागेत पाच जणांना घेऊन पहिला हास्यक्लब सुरू केला. सुरुवातीला विनोद सांगत. ते लवकरच संपले, काही कुणाला झोंबूही लागले, तेव्हा विनोदाशिवाय, व्यायामासारखं हसणं आलं. म्हणजे खोटेपणा या पद्धतीत ठरवूनच आहे. समोरच्याच्या डोळ्यांत पाहून खोटं हसलं की मिनिटाभरात बरेचदा खरं फुटतं.

उपयोग किती? मन हलकं होतं, पोट आणि श्वासपटलाला काम मिळतं, रोज त्याच वेळी चार माणसं भेटतात. यातली शेवटची गोष्ट सगळ्यात मोलाची. रक्तदाब बरा होतो, गाठी विरघळतात वगैरे जे सांगितलं जातं त्यावर विश्वास ठेवू नका, गोळ्या चालूच ठेवा. हर्निया, नुकतीच झालेली पोटाची किंवा डोळ्याची शस्त्रक्रिया, छातीत दुखण्याचा त्रास, आवाक्यात नसलेला रक्तदाब, यांपैकी काही असेल तर जाऊ नका. अर्ध्या-पाऊण मिनिटाच्या हसण्यानंतर दोन दीर्घ श्वास हवेत. सलग हसत राहिलं की डोकं गरगरतं.

बऱ्याच बायका मागच्या रांगेत ओठ मिटून उभ्या असतात, कारण हसताना लघवीचे थेंब गळतात. हे वय झालं म्हणून सोसायचं दुखणं नाही. लघवी रोखताना जे स्नायू आवळतो ते पाच सेकंद आवळायचे, पाच सेकंद सोडायचे, असं दहा वेळा, दिवसातून तीनदा. तीन महिने नेटाने केल्यावर बऱ्याच जणींना फरक पडतो.

आणि तरीही ओशाळवाणं वाटत असेल, तर जाऊ नका. बायकोला सोडून शेजारच्या बाकावर पत्ते कुटत बसा. कामाचं काय, तर माणसं आणि वेळ, हो-हो-हा-हा नव्हे.

सत्तराव्या वर्षी पेटी शिकायला घेतली. बोटं ताठरतात, काल शिकवलेलं आज आठवत नाही, आणि गाताना वरचा सा लागत नाही. सोडून द्यावं का? (बेळगाव)

सोडू नका, मांडणी बदला.

बोटांचं आधी. संधिवाताचा ताठरपणा सकाळी सर्वांत जास्त असतो, म्हणून रियाज अकरानंतर ठेवा आणि आधी दहा मिनिटं हात कोमट पाण्यात बुडवा. मांडी घालून बसवत नसेल तर खुर्ची घ्या, पण पेटी जेवणाच्या टेबलावर ठेवू नका. ते उंच पडतं, खांदे वर उचलले जातात आणि भाता मारणारा डावा हात आठवडाभरात भरून येतो. साधारण 45 सें.मी. उंचीचा टीपॉय घेतला की कोपर आणि पट्ट्या एका पातळीत येतात. भाता पूर्ण उघडून जोरात दाबायची गरज नसते, छोटे सलग झोके पुरतात.

या वयात नवं शिकायला वेळ जास्त लागतो, शिकता येत नाही असं नाही. तासभर एकदम बसण्यापेक्षा 15 मिनिटं दोनदा. दुसरी बैठक रात्री झोपेआधी ठेवा, झोपेत शिकलेलं पक्कं होतं. एका आठवड्यात एकच अलंकार (स्वरांचा ठरावीक क्रम). अक्षरं बोटभर मोठी काढून वही समोर ठेवा; वही पाहून वाजवण्यात कमीपणा नाही. पहिला राग भूप घ्या: सा रे ग प ध, पाचच स्वर, सगळे शुद्ध.

वरचा सा हा तुमचा दोष नाही. पाळी गेल्यानंतर बायकांचा आवाज खाली उतरतो. तरुणपणी काळी चार किंवा पाचमध्ये (पेटीवरची चौथी किंवा पाचवी काळी पट्टी सा धरून) गायलेलं आता काळी दोनमध्ये गाऊन पाहा, गळा मोकळा होईल. पुरुषांचं या वयात उलट होतं, त्यांचा आवाज थोडा वर सरकतो. शिक्षक पट्टी बदलू देत नसतील तर शिक्षक बदला.

नातवंडं बोलतात ते अजिबात कळत नाही, मोठ्यांचं कळतं. "काय? काय?" विचारलं की मुलं खेळायला जातात. (वय 71, चिपळूण)

वयानुसार आधी उंच पट्टीचे आवाज जातात. मुलांचा आवाज उंचच, त्यात स, श, फ, थ यांसारखी व्यंजनं हवेची असतात, ती आधी हरवतात. म्हणून "ऐकू येतं, पण समजत नाही" असं होतं. आधी कानात मळ आहे का ते कान-नाक-घसा तज्ज्ञाकडे पाहून घ्या, मग ऑडिओमेट्री, म्हणजे ऐकण्याची तपासणी. कानात काडी, तेल घालू नका.

कानाचं यंत्र लागलं तर ते लवकर लावलेलं बरं. ऐकू न येणं हा स्मृतिभ्रंशाचा टाळता येण्याजोगा एक मोठा धोका मानला जातो, आणि बोलणं कमी झाल्याने येणारा एकटेपणा वेगळाच. बहुतेक यंत्रं कपाटात का जातात? पहिल्या दिवशी दहा तास लावलं जातं, भांड्यांचा आवाज डोक्यात जातो, आणि दुसऱ्या दिवशी कंटाळा येतो. पहिला आठवडा रोज तास-दोन तास, शांत खोलीत, एका माणसाशी बोलताना. मग टीव्ही, मग बाजार. दीड-दोन महिन्यांत मेंदू सरावतो. या काळात दोनदा तरी जुळवणी बदलून घ्यायची असते, ती सोडू नका. कोकणातल्या पावसाळ्यात रात्री बॅटरी काढून यंत्र सिलिका जेलच्या घट्ट झाकणाच्या डबीत ठेवा, नाहीतर दमटपणाने ते लवकर बिघडतं.

नातवंडांना एवढंच शिकवा: आजीच्या समोर येऊन, तोंड दाखवून बोलायचं. ओरडायचं नाही. ओरडलं की स्वर मोठा होतो, व्यंजन तसंच हरवलेलं राहतं.

पहाटे तीनला जाग येते, मग झोप नाही. (वय 69, अकोला)

झोपता किती वाजता, ते लिहिलेलं नाही. साडेआठला अंग टाकलं असेल तर तीनपर्यंत साडेसहा तास झाले. दुपारी दीड तास झोप झाली असेल तर हिशेब पुरा आहे. दुपारची झोप अर्ध्या तासावर आणा, तीनच्या आत उरका, आणि रात्री दहाच्या आधी पाठ टेकू नका. संध्याकाळी साडेपाचच्या उन्हात फिरा. झोपेची गोळी या वयात पाडते, अक्षरशः.

पत्नी गेली त्याला आठ महिने झाले. पूजा करावीशी वाटत नाही, खावंसं वाटत नाही, सकाळ नकोशी होते. सगळे सांगतात, श्रद्धा ठेवा. (वय 76, नाशिक)

श्रद्धा कमी पडली म्हणून हे होत नाही, हे आधी ऐका. दुःख लाटेसारखं येतं, ओसरतं, मधे नातवंडाच्या एखाद्या बोलण्यावर हसू येतं. दोन आठवड्यांहून जास्त काळ, बहुतेक दिवसभर, कशातच रस वाटत नसेल, वजन उतरत असेल, सकाळ सगळ्यात वाईट जात असेल, तर ते नैराश्य असू शकतं, आणि नैराश्यावर उपचार आहेत. आधी फिजिशियनकडे जा. थायरॉइड, बी-12, हिमोग्लोबिन, सोडियम तपासा. शाकाहारी आणि मेटफॉर्मिन घेणाऱ्यांत बी-12 कमी असणं फार आढळतं. मग मनोविकारतज्ज्ञ. औषधं या वयात छोट्या डोसने सुरू होतात, आणि परिणाम दिसायला चार-सहा आठवडे लागतात. दहा दिवसांत "फरक नाही" म्हणून बंद करू नका. जगण्यात अर्थ नाही असं वाटलं तर टेलि-मानस या मानसिक आरोग्याच्या मदतसेवेच्या 14416 या मोफत क्रमांकावर त्याच क्षणी फोन करा, मराठीत बोलता येतं.

पूजा सगळी करायला हवी असं नाही. देव घासणं, सोवळं, नैवेद्य हे तुमच्या पत्नी करत असतील, तर ते करताना जास्त आठवण येणार. सध्या एक निरांजन आणि दोन मिनिटं बसणं पुरे. जमेल त्या दिवशी भजनाला जाऊन नुसते मागे बसा, टाळ हातात घ्यायची सक्ती नाही. फुलं आणायचं काम शेजारच्या एखाद्या मुलाला लावून द्या. रोज दारात कुणीतरी यायला हवं, निमित्त काही का असेना.

आम्ही तिघी मैत्रिणी, 69, 73 आणि 77. एसटीने पंढरपूर आणि गणपतीपुळे करायचं म्हणतो. तिकीट आणि तब्येत, दोन्हींचं सांगा. (कराड)

75 पूर्ण झालेल्यांना राज्यात एसटीचा प्रवास मोफत आहे, 65 ते 75 वयाला अर्धं तिकीट. बायकांना अर्ध्या तिकिटाची सवलत वेगळी आहेच, पण दोन्ही मिळून पाव तिकीट होत नाही. वयाचा पुरावा म्हणून मूळ आधारकार्ड जवळ ठेवा.

तब्येतीसाठी: दोन दिवसांच्या गोळ्या हातातल्या पिशवीत, टपावरच्या किंवा डिकीतल्या बॅगेत नाही. लघवीची गोळी सकाळी घेत असाल तर प्रवासाच्या दिवशी ती मुक्कामी पोहोचल्यावर घेता येईल का, हे डॉक्टरांना आधी विचारा. थांबावं लागेल म्हणून पाणी पिणं बंद करू नका, बद्धकोष्ठ आणि चक्कर दोन्ही त्यानेच होतं. दर थांब्यावर खाली उतरून पाच मिनिटं चाला, बसल्या जागी घोटे फिरवा. आणि जागा पुढच्या अर्ध्या भागातली धरा. मागच्या चाकावरची आणि शेवटची बाकं खड्ड्यात उसळतात, आणि ठिसूळ हाडांच्या बाईचा मणका तेवढ्या दणक्यानेही दबतो.